जिवाणू-सेल्युलोजचे नॅनोस्फटिक: सल्फ्युरिक आम्ल की सेल्युलेज?

कोमॅगॅटेइबॅक्टर झायलिनस या जिवाणूने तयार केलेला सेल्युलोजचा पापुद्रा सोडियम हायड्रॉक्साइडच्या गरम द्रावणात धुऊन पांढरा झाला, की त्यापासून नॅनोस्फटिक (सेल्युलोजचे अतिसूक्ष्म स्फटिक) मिळवण्यासाठी सल्फ्युरिक आम्ल घ्यावे की सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारे विकर), हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही मार्ग मी वापरले आहेत आणि हल्ली बहुतेक वेळा सेल्युलेजच निवडतो. त्यामागचे कारण आहे पापुद्र्यातले पाणी.

लाकडाचा लगदा कोरडा करून आम्लात टाकता येतो. ओला पापुद्रा मात्र वजनाने सुमारे ९९ टक्के पाणीच असतो. रूढ कृतीतली आम्लाची ६४ टक्के तीव्रता गाठायची, तर १०० ग्रॅम ओल्या पापुद्र्याला ९८ टक्क्यांचे सुमारे १८६ ग्रॅम आम्ल लागते आणि एवढ्या खटाटोपात सेल्युलोज असते जेमतेम एक ग्रॅम. शिवाय मिसळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे ४५ अंश सेल्सिअस तापमान राखणे कठीण होते; माझी मिश्रणे याच टप्प्यावर तपकिरी पडत. दाबून पाणी काढल्यास आम्ल कमी लागते, परंतु पूर्ण वाळवल्यास तंतू एकमेकांना इतके घट्ट चिकटतात की ते पुन्हा पूर्वीसारखे फुगत नाहीत आणि आम्लाचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही. गोठवून सुकवणे हा त्यावरचा बरा उपाय आहे, पण त्यातही एक दिवस जातो आणि आम्ल धुऊन काढणाऱ्या डायलिसिसचे दिवस पुढे असतातच.

सेल्युलेजला हे पाणी अडचणीचे ठरत नाही. कधीही न वाळवलेला पापुद्रा बारीक वाटून आम्लधर्मी बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ५० अंशांच्या आसपास ठेवावा आणि हवा तेवढा परिणाम झाला की उष्णता देऊन विकर निष्क्रिय करावे. सल्फ्युरिक आम्लाप्रमाणे स्फटिकांना सल्फेट गट जोडले जात नसल्याने हे स्फटिक उष्णताही अधिक सोसतात.

आम्लाची बाजूही दुबळी नाही. त्याच सल्फेट गटांच्या ऋणभारामुळे स्फटिक पाण्यात दीर्घकाळ विखुरलेले राहतात, तर सेल्युलेजने केलेले माझ्याकडे लवकर तळाशी बसतात आणि ध्वनिलहरींनी पुन्हा विखुरावे लागतात. ज्यांना मुख्यतः स्थिर निलंबन हवे आहे किंवा द्रवस्फटिकी रचनेतून रंग दाखवणारे पटल करायचे आहे, त्यांनी आम्लाकडे जाणे कदाचित अधिक योग्य ठरेल. इतरांनी सेल्युलेजपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. मात्र एंडोग्लुकानेज (सेल्युलोजच्या साखळ्या आतून तोडणारा घटक) अधिक असलेले विकर घ्यावे आणि आधी थोड्या पापुद्र्यावर वेळ ठरवून घ्यावी, कारण प्रक्रिया लांबली तर सेल्युलोजचे ग्लुकोज होऊन उत्पादन घटते.