एक्सपल्सला शिंगं लावल्याचे तेरा महिने

वेल्ह्याच्या पुढे केळदच्या रस्त्याला चहा प्यायला थांबलो होतो. एका म्हाताऱ्या गुराख्याने गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, "ही लोखंडी शिंगं कशापायी बसवलीत?" गाडी पडली तर इंजिन वाचावं म्हणून, असं मी सांगितलं. "मंग पडायचं ठरवूनच निघालाय म्हना की!"

बरोबरच होतं त्याचं. माझी गाडी हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही. वजन १५८ किलो, पुढचं चाक २१ इंची, सीट ८२५ मिमी. माझी उंची पाच फूट पाच. सपाट डांबरावर चवडे टेकतात, पण उतरत्या कडेला गाडी थांबली की खालच्या बाजूचा पाय हवेत. तेरा महिन्यांत ११,४०० किलोमीटर झाले, गाडी सात वेळा आडवी झाली आणि त्यातल्या चार वेळा ती जागेवर उभी होती. या काळात दोन क्रॅश गार्ड, म्हणजे ही शिंगं, वापरले. पहिला चार महिने, दुसरा नऊ महिने आणि अजून चालू आहे. दोन्ही बनवणाऱ्यांची नावं लिहीत नाही. कारण पुढे जे लिहितोय ते नावापेक्षा गार्ड कसा बसवलाय याबद्दल आहे, आणि ते दुकानात उभं राहून डोळ्यांनी बघता येतं.

मी भोसरीत एका टूलरूममध्ये तपासणीचं काम करतो. दिवसभर हातात मिलिमीटरचे अंश मोजायचं व्हर्नियर असतं. त्यामुळे नाना पेठेत पहिला गार्ड घ्यायला गेलो तेव्हा मोठ्या ऐटीत पाइप मोजली. २५ मिमी व्यास, जाडी २ मिमी, म्हणजे बाजारात ज्याला १४ गेज म्हणतात ती. शेजारी २२ मिमीचाही होता. मनात हिशोब केला की जाडी तीच असताना २२ची पाइप २५ केली तर ती वाकायला दीडपट कठीण होते आणि वजन जेमतेम पंधरा टक्के वाढतं. मग २२ कशाला घ्यायचा? वरपासून खालपर्यंत टाकीचं प्लॅस्टिकसुद्धा झाकणारा, ३,२०० रुपयांचा पूर्ण गार्ड घेतला. कंपनीत काट्यावर ठेवला तर ६.२ किलो भरला. पाइप इतक्या बारकाईने मोजणाऱ्या माणसाने ती कशावर टांगली जाणार आहे ते बघितलंच नाही.

ती अशी टांगली होती. इंजिनाला चेसिसशी धरणारा पुढचा मूळ बोल्ट काढायचा, त्याच्या जागी गार्डबरोबर आलेला लांब बोल्ट घालायचा आणि गार्डचं वरचं टोक त्यावर अडकवायचं. खाली चेसिसच्या पाइपला एक यू-क्लॅम्प. डाव्या-उजव्या भागांना एकमेकांशी जोडणारं काहीही नाही. प्रत्येक बाजू आपापली.

पहिल्या महिन्यात साठ-सत्तरच्या वेगाला पायाशी बारीक झणझण सुरू झाली. बघतो तर क्लॅम्पचे बोल्ट हाताने फिरत होते. आवळले, आठवड्याने पुन्हा तेच. कारण सापडलं तेव्हा स्वतःचाच राग आला. गार्डवरच्या पावडर कोटिंगचा, म्हणजे भाजून बसवलेल्या रंगाचा, थर जाड होता आणि वायसर (वॉशर) थेट त्या थरावर बसला होता. कोटिंग म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. दाबाखाली ते हळूहळू दबतं आणि बोल्टचा ताण निघून जातो. वायसरच्या जागेपुरतं कोटिंग खरवडून काढलं, उघड्या लोखंडाला बोट फिरवून ग्रीस लावलं, आट्यांवर निळा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) टाकला, तेव्हा कुठे थांबलं. तेव्हापासून प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. पाना लावून तपासत बसायची गरज नाही, सकाळी किक मारताना नजर टाकली तरी कळतं.

मग ती तिसरी पडझड. मढे घाटाच्या अलीकडे एका कोरड्या ओढ्यात, वेग फार तर पंधराचा. पुढचं चाक गोट्यावरून घसरलं आणि गाडी डावीकडे एका दगडावर बसली. वाटेने जाणारे दोघे धावत आले. मी गाडीखालून पाय काढत होतो, तर एकजण ओरडला, "पाय घालू नका आत दादा, गाडी मरू द्या!" गाडी उचलली आणि बघितलं तर गार्डला नुसता ओरखडा. मी खूश. साडेतीन हजारांच्या आत इंजिन वाचलं म्हणून दोघांना चहा पाजला.

पुढच्या सर्व्हिसिंगला मिस्त्रींनी हाक मारली. क्लॅम्प चेसिसच्या पाइपवर दोन बोटं वर सरकला होता, गार्ड वरच्या बोल्टभोवती फिरला होता आणि तो लांब बोल्ट भोकातच वाकून बसला होता. पुढे येईना, मागे जाईना. मिस्त्रींनी डोकं करवतीने कापलं, पंच लावून हातोड्याने तो बाहेर काढला आणि माझ्या हातात ठेवला. अगदी केळं.

"गार्डला काय झालंय? काहीच नाही," ते म्हणाले. "मार सगळा आत गेलाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण बोल्ट वाकला तेव्हा इंजिनाच्या केसिंगच्या कानावर, म्हणजे बोल्ट ज्या भोकातून जातो त्या भागावर, किती जोर आला असेल ते माझ्यासारख्याला चांगलं कळतं. दुसऱ्या दिवशी कंपनीतून चीर शोधायच्या रंगाचे, डाय पेनिट्रंटचे, डबे आणले. आधी लाल रंग मारायचा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, पुसून काढायचा आणि वर पांढरी फवारणी. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ उमटते. गॅरेजच्या दारात उकिडवा बसून मी त्या कानाकडे टक लावून बघत होतो. रेघ उमटली नाही. नशीब माझं.

म्हणून आता कोणी विचारलं की कुठला गार्ड घेऊ, तर मी पाइपचा व्यास विचारतच नाही. विचारतो, बसतो कशावर? एका बाजूला किती ठिकाणी धरलाय? डावा-उजवा भाग समोरून आडव्या पट्टीने जोडलाय का? आडवी पट्टी असेल तर डावीकडचा मार उजवीकडच्या बोल्टांनाही वाटून जातो. नसेल तर प्रत्येक बाजू म्हणजे एक लांब पहार, आणि तिचं टेकण तुमच्या इंजिनाच्या बोल्टवर. पहार जितकी कडक तितका बोल्टचा जीव जास्त जातो. शेवटी काहीतरी वाकणार असेल तर गार्डच वाकावा, तो तीन-चार हजारांत बदलता येतो.

दुसरा गार्ड म्हणूनच लहान घेतला. ४,६०० रुपये, वजन ३.४ किलो, पाइप २२ मिमीची. हो, तीच, जिला मी नाकारलं होतं. दर बाजूला दोन ठिकाणी पकड, समोर आडवी पट्टी, खाली गाडीबरोबरच आलेल्या ॲल्युमिनियमच्या बॅश प्लेटला (इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याला) धक्का न लावता बसतो. टोकाला नायलॉनचे स्लायडर, म्हणजे पडल्यावर पाइपऐवजी घासणारे ठोकळे. टाकीचं प्लॅस्टिक हा झाकत नाही. घेण्याआधी घरी एक प्रयोग केला होता, तो सुतळीचा. हँडलच्या टोकापासून फूटपेगच्या (पाय ठेवायच्या दांड्याच्या) टोकापर्यंत सुतळी ताणून धरायची. सुतळीच्या बाहेर जे येतं ते जमिनीला लागतं, आत राहतं ते बहुतेक वाचतं. माझ्या गाडीला नकल गार्ड (हाताच्या बोटांपुढची ढाल) लावलेल्या हँडलपासून सुतळी ताणली तर टाकीच्या बाजूचं प्लॅस्टिक जेमतेम आत राहतं. इंजिनाचं कव्हर तर बरंच आत. म्हणजे सपाट जमिनीवर गाडी नुसती आडवी झाली तर गार्ड नसतानाही हँडल आणि पेग बराच भार घेतात. गार्ड लागतो तो वर आलेल्या दगडासाठी, आणि दगड लागतो खाली, इंजिनाच्या उंचीला. मग वर अडीच किलो लोखंड मिरवून काय मिळवत होतो?

हे गणित सगळ्या गाड्यांना लागू नाही. माझ्या मेहुण्याकडे हिमालयन ४५० आहे. ती १९६ किलोची, लिक्विड कूल्ड, समोर रेडिएटर. रेडिएटरची बाजू चेपली तर माळरानावरून गाडी टेम्पोतच येणार. त्याने मोठा, वर जाणारा गार्ड लावलाय आणि ते योग्यच आहे. माझं इंजिन ऑइल कूल्ड, कूलर चिमुकला, तो अंग चोरून बसलेला.

नऊ महिन्यांत या दुसऱ्याने चार पडझडी बघितल्या. सगळ्यात वाईट सहावी, ताम्हिणीच्या अलीकडे मुरुमाच्या उतारावर, उजवीकडे, तीसच्या आसपास. गार्ड आत वाकला. मोजला, १४ मिमी. इंजिन कव्हरपासून अजून दोन सेंटिमीटर लांब होता. बोल्ट काढून काचेवर लोळवून बघितले, सरळ. जसं व्हायला हवं होतं तसंच झालं. वाकलेला गार्ड तसाच ठेवलाय, सरळ करून घेणार नाही. एकदा वाकलेली पाइप पुन्हा सरळ केली की त्या जागी तिचा भरवसा राहत नाही.

तक्रारीही आहेत. वेल्डिंगच्या टाक्यांवर पावडर कोटिंग पातळ आहे, श्रावणापर्यंत दोन ठिकाणी तांबूस कड आली. पावसाळा संपल्यावर स्लायडर काढला तर पाइपच्या आतून काळ्या चहासारखं अर्धा कप पाणी निघालं. बोल्टच्या भोकातून आत जातं, बाहेर यायला वाट नाही. मी सगळ्यात खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाडलं आणि आत जुनं इंजिन ऑइल फिरवून ओतून काढलं. हे काम बनवणाऱ्यानेच करायला हवं होतं, दोन मिनिटांचं आहे. शिवाय बरोबर आलेले चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट मी पहिल्याच दिवशी फेकले. दिसायला छान, पण नेहमीचे स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या (ताकदीचा आकडा) लोखंडी बोल्टपेक्षा मऊ असतात. डोक्यावर ८.८ कोरलेले बोल्ट वीस रुपयांना एक मिळतात. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतं. इंजिन माउंटिंगला मात्र सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तोच आकडा.

स्टेनलेसवरून आठवलं. पूर्ण एसएसचे गार्डही मिळतात आणि दुकानदार चुंबक लावून दाखवतो, बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४, स्टेनलेसची चांगली ग्रेड. चुंबक २०२ या हलक्या ग्रेडलाही चिकटत नाही, आणि २०२ गंजतं लवकर. कोकणात, खाऱ्या वाऱ्यात राहत असाल तर बिलावर ग्रेड लिहून मागा. तो लिहून देतो की चहा मागवतो, त्यावरून काय ते कळेल.

गार्ड जे वाचवत नाही त्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. सातपैकी तीन वेळा माझं नुकसान झालं ते क्लच लिव्हर आणि गिअरच्या दांड्याचं. आता लिव्हरचे क्लॅम्प मुद्दाम अंमळ सैल ठेवतो, हाताने जोर लावला तर फिरतील इतके. पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरते. टूलकिटमध्ये एक जादा गिअरचा दांडा असतो. दोन्ही मिळून खर्च पाचशेच्या आत.

आणि पाय. याला लेग गार्ड म्हणतात खरं, पण मोठ्या गार्डने माझा पाय एकदा चांगलाच सोलला होता. चिखलात तोल सांभाळायला पाय पुढे टाकला, पाय रुतला, गाडी पुढे गेली आणि गार्डची मागची पाइप पोटरीवर आली. बूट गुडघ्याखालपर्यंतचे होते म्हणून नीळ पडण्यावर भागलं. लहान गार्डमध्ये ती पाइप चार बोटं पुढे आहे. अजून तसा प्रसंग आला नाही, आला तर काय होईल ते तेव्हा बघू.

सध्या उजवा स्लायडर १२ मिमीचा ७ मिमीवर आलाय. नवा जोडीने सहाशेला देतात. मी नायलॉनचा दांडा आणून लेथवर अर्ध्या तासात काढून घेणार आहे, सुपरवायझर जेवायला गेले की.

पहिला मोठा गार्ड गेल्या महिन्यात भंगारात दिला. तराजूत टाकला, ६ किलो २००. भंगारवाल्याने तो उचलून उलटसुलट फिरवून बघितला, एकशे ऐंशी रुपये हातावर ठेवले आणि म्हणाला, "नवाच आहे की हो, काय झालंय याला?"