टोपणभर म्हणजे नेमकं किती? लीकच्या रोपांवर वर्षभर वापरलेल्या द्रवखताचा अनुभव

मे महिन्यात मी या द्रवखताला दोन तारे दिले होते. आज ते बदलून चार करतेय. पाचवा तारा टोपणापायी अडलाय, आणि कंपनी ते टोपण बदलत नाही तोवर अडलेलाच राहील.

बाटली बहुतेकांनी पाहिलेली असेल, म्हणून वर्णनात वेळ घालवत नाही. एक लिटर, समुद्रशेवाळाचा अर्क, नत्र-स्फुरद-पालाश ५-२-५, किंमत ८.९९ पौंड. घेताना हे तीन आकडे मात्र जरूर वाचा. शेवाळाच्या नुसत्या अर्कात हे तिन्ही घटक नावापुरते असतात. तो टॉनिक म्हणून ठीक, पण त्यावर पीक पोसत नाही. या बाटलीत अन्नद्रव्यं वेगळी घातलेली आहेत, म्हणून हिला खत म्हणता येतं.

आम्ही इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ राहतो. तीन वर्षं यादीत थांबल्यावर अलॉटमेंटचा, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, अर्धा प्लॉट मिळाला, आणि पहिल्या वर्षी काय लावायचं याचा फार विचार करावा लागला नाही. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. कांद्याचं रोप, लावणी, काढणी, कांदा साठवायची चाळ, यातच लहानपण गेलं. लीक त्याच कुळातलं, पण गड्ड्याऐवजी जाड पांढऱ्या दांड्यासाठी लावतात ते, आणि वर इथल्या थंडीत जमिनीत उभं राहणारं. बी मसलबर्ग जातीचं घेतलं. स्कॉटलंडमधली ही १८३४ सालची जात अजून टिकून आहे, आणि नवशिक्यांना तीच सुचवतात.

१७ मार्चला स्वयंपाकघराच्या खिडकीत ७२ खणांच्या ट्रेमध्ये पेरलं. दोन आठवड्यांनी उगवलं ते अगदी कांद्यासारखं: आधी दुमडलेला गुडघा मातीतून वर येतो, मग तो सरळ होतो आणि टोकाला बियाचं काळं टरफल लटकत राहतं. शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक रोपं. ती बघून जीव कळवळला, यांना काहीतरी खायला घालायलाच हवं असं वाटलं.

लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: ४.५ लिटर पाण्यात एक टोपण, दर आठवड्याला. मी टोपण काठोकाठ भरून झारीत ओतलं आणि १० एप्रिलला रोपांना दिलं. १७ तारखेला पुन्हा दिलं. तीन-चार दिवसांत शेंडे पिवळे पडले, मग तपकिरी झाले, आणि करप टोकाकडून खाली सरकायला लागली. मातीवर पांढुरका थर धरला होता. अण्णांना, म्हणजे वडिलांना, व्हिडिओ कॉलवर ट्रे दाखवला.

"खत कधी दिलंस?"

"दोनदा दिलं. आठवड्याला द्यायचं लिहिलंय."

"आणि माती कुठली?"

"विकतची आहे अण्णा, कंपोस्ट."

"मग त्यात असंल की आधीचंच खायला! वाफ्यात शेणखत घातल्यावर दोन पानांच्या रोपाला वरनं युरिया टाकतो का आपण? आधी धुऊन काढ. साधं पाणी घाल, खालनं निथळू दे, परत घाल."

अण्णांचं बरोबर होतं. इथल्या विकतच्या कंपोस्टात साधारण पाच-सहा आठवडे पुरेल इतकं खत मिसळूनच येतं. त्यावर आणखी ओतलं की क्षार मुळांभोवती साठतात, आणि माती ओली असूनही रोपाला पाणी ओढता येत नाही. मी ट्रे सिंकमध्ये ठेवून तीन वेळा धुतला. ७२ पैकी ४१ रोपं वाचली.

आता टोपण. त्याच संध्याकाळी मुलीच्या औषधाची सिरिंज घेतली आणि काठोकाठ भरलेल्या टोपणात किती मावतं ते मोजलं. ३२ मिलि! बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय की एक टोपण म्हणजे २० मिलि. टोपणाच्या आत त्याची खूणही आहे, पण ती केसाएवढी उठावाची रेघ आहे, काळ्या प्लास्टिकवर काळीच. त्यात हे काळपट तपकिरी द्रव ओतलं की ती बुडून जाते. मला ती डोळ्यांनी दिसलीच नाही. रिकामं टोपण दिव्याखाली धरून आतून नख फिरवलं तेव्हा हाताला लागली.

३२ म्हणजे सांगितलेल्या मापाच्या दीडपटीहून जास्त. कोवळ्या रोपांना निम्मंच द्यावं असं धरलं तर माझ्या रोपांना तिपटीहून जास्त गेलं. पैशांचं बोलायचं तर २० मिलिच्या हिशेबाने एका बाटलीत ५० झाऱ्या होतात, काठोकाठ भरलं तर ३१. म्हणजे एका झारीचे १८ पेन्स पडायचे तिथे २९ पडतात. तुम्ही म्हणाल ११ पेन्सचं काय घेऊन बसलीस. पण हे खत हजारो लोक विकत घेतात, त्यातले बरेचसे माझ्यासारखे पहिल्या वर्षाचे असणार, आणि प्रत्येकाला टोपण काठोकाठच भरावंसं वाटणार. एक पांढरी रेघ छापायला किती खर्च येतो? टोपणाचं प्लास्टिक पारदर्शक केलं असतं तर तीही लागली नसती.

सिरिंजसकट फोटो काढून कंपनीला मेल पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं की टोपणात खूण दिलेली आहे, आणि झालेल्या त्रासाबद्दल पुढच्या खरेदीवर २० टक्के सवलतीचं कूपन घ्यावं. मी परत लिहिलं, मला कूपन नको, दिसेल अशी खूण द्या. त्याला उत्तर नाही. दोन तारे त्या आठवड्यात दिले होते.

तो राग खोटा नव्हता, पण अर्धवट होता. शेजारच्या प्लॉटवरच्या आजोबांना मी हीच तक्रार सांगितली. ते एकेकाळी प्रदर्शनाची लीक करायचे. नॉर्थम्बरलँड आणि डरहॅममध्ये खाणकामगारांच्या क्लबांतून बुटक्या, जाडजूड पॉट लीकच्या स्पर्धा भरायच्या. पांढरा दांडा सहा इंचांपर्यंतच हवा, आणि त्याचं घनफळ काढून क्रमांक लावायचे. कोण लीकला काय खाऊ घालतो हे घरच्यांनाही सांगत नसत म्हणे. अशा माणसाने माझ्या वाचलेल्या रोपांच्या मातीत बोट घातलं, रोपं हाताने जराशी हलवून पाहिली आणि म्हणाले, यांना भूक लागलेली नाही, उजेड कमी पडतोय. रोपं खिडकीत राहून लांबुडकी झाली होती. मी त्या लांबुडकेपणाला भूक समजले. माप बरोबर २० मिलि असतं तरी एप्रिलमध्ये ते द्यायलाच नको होतं. लेबलवर टोमॅटोचं झाड आणि तीन आठवड्यांचं रोप यांना एकच माप लावलंय, ही चूक कंपनीची. घाई माझी.

ट्रे बाहेर आडोशाला नेला, रात्री झाकायला लागले. मेच्या पहिल्या आठवड्यात नवी पानं फिकट दिसायला लागली, तेव्हा पुन्हा खत सुरू केलं. पाच लिटरच्या झारीत १० मिलि, म्हणजे मोजायचे दोन लहान चमचे, दर बारा-चौदा दिवसांनी. आणि आधी साधं पाणी, मग खताचं. कोरड्या मुळांवर खत ओतायचं नाही.

इथून हे खत मला आवडायला लागलं. तिसऱ्या पाण्यानंतर पानांवर तो निळसर हिरवा रंग चढला, चांगल्या कांद्याच्या पातीवर असतो तसा, बोटाने पुसला तर खालची चकाकी दिसणारा. जूनच्या अखेरीस बहुतेक रोपं पेन्सिलीएवढी झाली होती. अशक्त पाच काढून टाकली आणि ३६ लावली.

लावणी बघून अण्णा अस्वस्थ झाले. फावड्याच्या तुटक्या दांड्याने १५ सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, त्यात रोप सोडायचं, माती न लोटता फक्त पाणी भरायचं. "इतकं खोल गाडल्यावर पोसंल कसं?" कांद्याचं बरोबरच आहे, कांदा उथळच लावतात. पण लीकला गड्डा धरायचाच नसतो. आपल्याला हवा असतो लांब पांढरा दांडा, आणि जेवढा भाग उजेडाआड तेवढा पांढरा. भोक हळूहळू आपसूक भरत जातं.

लावणीनंतर दोन आठवडे खत बंद. मग जुलै-ऑगस्टमध्ये पंधरवड्याला पूर्ण माप, खरे २० मिलि. एका ओळीला आजोबांनी दिलेल्या कोंबडीखताच्या गोळ्याही घातल्या, कारण मला तुलना करून बघायची होती. त्या ओळीची पानं सगळ्यांत गडद आणि लुसलुशीत झाली, आणि सप्टेंबरमध्ये तांबेरा सर्वांत आधी नि सर्वांत जास्त तिच्यावरच आला. नारिंगी पुळ्या, बोट फिरवलं की हळदीसारखी पूड लागते. एका ओळीवरून सिद्ध काही होत नाही, पण नत्र जास्त आणि पालाश कमी पडलं की लीकवर तांबेरा बळावतो हे इथले जुने लोकही सांगतात. बाहेरची पानं काढून टाकली. आतला दांडा स्वच्छ होता.

ऑगस्टअखेर खत पूर्ण थांबवलं. याला कारण लेबल नव्हे, अण्णा. आमच्याकडे कांद्याला लावणीपासून साठ दिवसांनंतर नत्र देत नाहीत. दिलं तर मान जाड राहते आणि कांदा चाळीत सडतो. लीक चाळीत जात नाही, पण त्याला डिसेंबरचं धुकं आणि बर्फ झेलायचं असतं, त्यासाठी दांडा कणखर हवा. बाटली सप्टेंबरमध्येही द्या म्हणते. मी दिलं नाही. कडाक्याच्या थंडीत एकही लीक मऊ पडलं नाही.

नोव्हेंबरपासून लागेल तसं उपटत गेले. ३६ पैकी ३३ हाती लागली. जाडी माझ्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत, सगळी सारखी नाहीत. पहिल्याची पीठ पेरून भाजी केली. कांद्याच्या पातीची करतो तशीच, मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, वर बेसन पेरून झाकण ठेवून दोन वाफा. चिरण्याआधी दांडा उभा चिरून नळाखाली धरा, पापुद्र्यांत माती बसलेली असते. चव पातीपेक्षा गोडसर. मुलीने दोन वेळा वाढून घेतली. अण्णांना कढईचा फोटो पाठवला, त्यांनी विचारलं भाकरी कुठाय.

बाकी किरकोळ: वास समुद्रकिनाऱ्यावरच्या ओल्या शेवाळाचा, घरात नकोसा, बागेत चालतो. तळाशी साका बसतो, म्हणून बाटली हलवून घ्यावी लागते. कोथिंबिरीलाही वापरलं, तिथे फरक जाणवला नाही. आणि वर्ष होत आलं तरी बाटली निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. दर आठवड्याला टोपणभर घातलं असतं तर मी आतापर्यंत नवी घेतली असती. किमतीबद्दल म्हणून माझी तक्रार उरलेली नाही. मोजून वापरलं तर खत स्वस्त पडतं.

गेल्या आठवड्यात दुकानात नवी बाटली उचलून पाहिली. टोपण तेच, काळं. यंदाची पेरणी काल झाली, ट्रे या वेळी बाहेर काचेच्या पेटीत ठेवलाय. जुन्या टोपणात मी पांढऱ्या नेलपॉलिशने २० ची रेघ ओढली आहे आणि मोजायचा चमचा बाटलीच्या गळ्याला रबराने बांधून ठेवलाय. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो सोडायचा नाही.