वाफ धरणारी काच : एका हेल्मेटचा चौदा महिन्यांचा अनुभव

या हेल्मेटविषयी मी लिहिणार होतो ते निव्वळ तक्रार म्हणून. त्या तक्रारीचा खर्डा पाचव्या महिन्यातच तयार होता आणि त्यात काचेवर धरणाऱ्या वाफेखेरीज दुसरा विषय नव्हता. गेल्या महिन्यात मी गाडीवरून पडलो, त्यामुळे तो खर्डा मोडीत काढून नव्याने लिहावे लागत आहे. वाफेचा विषय मात्र मी सोडलेला नाही.

वजन, कवचाचा प्रकार, प्रमाणपत्र ही माहिती खोक्यावरच छापलेली असते, म्हणून ती इथे देत नाही. थंडीत किंवा पावसात श्वासाची ऊबदार, दमट हवा गार काचेला लागली की तिचे थेंब होतात. त्यावर उपाय म्हणून काचेच्या आतून एक पारदर्शक पट्टी बसवलेली असते आणि दोहोंमध्ये कोंडलेल्या हवेच्या थरामुळे आतली बाजू गार पडत नाही. माझ्या हेल्मेटमध्ये ती पट्टी होती, तरीही डाव्या कोपऱ्यात, नेमके आरशाकडे पाहताना नजर जाते तिथे, नाण्याएवढा पांढुरका डाग धरत असे. मग काच बोटभर उघडी ठेवून चालवायचे, म्हणजे डोळ्यांत वारा आणि चिलटे.

ही कुरकुर क्षुल्लक वाटेल, पण तशी ती नाही. लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करणारा अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांचा अहवाल १९८१ साली आला. त्यातील निष्कर्ष असा, की टक्कर टाळण्यासाठी चालकाच्या हाती सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ असतो, आणि अनेक अपघातांत समोरचे वाहन चालकाचा हक्काचा रस्ता अडवून वळलेले असते. त्या दोन सेकंदांतला काही भाग मी नाण्याएवढ्या डागाच्या पलीकडे डोकावण्यात घालवावा, हे मला मान्य नव्हते. सेवा केंद्राने तीन पत्रांना एकच उत्तर पाठवले : वाफ धरणे हा दोष नसून हवामानाचा परिणाम आहे.

आठव्या महिन्यात माझे मत निम्मे बदलले. पट्टी ज्या दोन खुंट्यांवर अडकवलेली असते, त्यांचा मध्य मुद्दाम सरकवलेला असतो आणि त्या थोड्या फिरवल्या की पट्टी ताणून काचेला घट्ट बसते, हे मला स्वतःच्या खटपटीतून कळले. मी डावी खुंटी पाव फेरा फिरवली आणि डाग जवळजवळ गेला. म्हणजे वस्तू चांगलीच होती. हे एक वाक्य मला न सांगणारी सेवा वाईट होती.

वाफेवरून इतका वाद घालणारा माणूस मुळात दुचाकी कशाला चालवतो, हा प्रश्न घरात वरचेवर निघतो आणि तो रास्त आहे. धोका मोजण्यासाठी 'मायक्रोमॉर्ट' नावाचे एकक वापरतात. एक मायक्रोमॉर्ट म्हणजे मृत्यूची दहा लाखांत एक शक्यता. ब्रिटनमधील आकड्यांवरून केलेल्या परिचित अंदाजानुसार मोटारसायकलवर सुमारे १० किलोमीटरला एक मायक्रोमॉर्ट खर्ची पडतो, तर मोटारीत त्यासाठी सुमारे ४०० किलोमीटर जावे लागते. माझे ९,००० किलोमीटर झाले आहेत, म्हणजे ढोबळमानाने ९०० मायक्रोमॉर्ट, अकराशेत एक. हा हिशेब मी वहीत मांडला आणि दोन दिवस गाडी काढली नाही.

तिसऱ्या दिवशी काढली. उतारावरून खोलगट भागात शिरताना हवा एकाएकी गार होते ती डोळ्यांआधी गुडघ्यांना कळते, आणि ओल्या मातीचा वास दोनशे मीटर आधीपासून येऊ लागतो. त्या तासाभरात मी दुसऱ्या कशाचाही विचार करत नाही, कारण करता येत नाही. हे वहीच्या दुसऱ्या रकान्यात कोणत्या एककात लिहावे ते मला सुचले नाही, म्हणून तो रकाना कोराच ठेवला आहे.

पडलो ते वळणावर, बारीक खडीवरून पुढचे चाक घसरून. वेग पस्तीसच्या आसपास असावा. मनगट मुरगळले आणि गुडघा सोलवटला. घरी येऊन हेल्मेट उजेडात धरले, तेव्हा हनुवटीच्या पट्टीपासून काचेच्या खुंटीपर्यंत चार बोटे रुंद खरवडल्याची खूण होती आणि पुढच्या वायुछिद्रात एक खडा घट्ट रुतला होता. खूण होती तिथे आत माझा जबडा होता. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. हे आकडे मला आधीही पाठ होते. खडा नखाने निघेना तेव्हा ते पटले. मृत्यूच्या धोक्यातले उरलेले ५८ टक्के कोणतेही हेल्मेट घेत नाही, हेही त्याच संध्याकाळी पटले, आणि तेव्हापासून वळणाआधीच वेग कमी करून वळणात ब्रेकला हात न लावण्याचा सराव मी रिकाम्या मैदानात करत आहे.

आता काटकसरीचा मुद्दा. हेल्मेटची किंमत किलोमीटरांनी भागून दर महिन्याला ती उतरताना पाहण्याची मला सवय होती, आणि पाच वर्षे वापरायचे असे मनाशी ठरले होते. परंतु आतला थर्माकोलसारखा थर दबून धक्का पचवतो आणि एकदा दबला की पूर्ववत होत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारे हेल्मेटही मोठ्या आघातानंतर टाकून द्यावे लागते. ज्या दिवशी त्याने काम चोख केले, त्याच दिवशी ते निकामी झाले. याचा मला आलेला राग कोणावर काढावा हे कळत नव्हते, म्हणून सेवा केंद्राला चौथे पत्र लिहिले.

मी तेच मॉडेल, तोच आकार पुन्हा मागवला आहे. ते आले की चालवण्याआधी दोन्ही खुंट्या फिरवणार आहे. जुन्याचा हनुवटीखालचा पट्टा कापून टाकला आहे, म्हणजे चुकूनही कोणी ते डोक्यावर चढवणार नाही. पट्टीसंबंधीच्या माझ्या तक्रारीची नोंद मात्र अजून 'विचाराधीन' अशीच दिसते.