‘घट’ की ‘ऱ्हास’?

कमी होणं दोन्हींत आहे, पण ‘घट’ मोजता येते. तापमानात, उत्पादनात, वजनात घट होते आणि पुढे तिथेच वाढही होऊ शकते. ती वाईटच असते असं नाही. मृत्युदरातली घट सगळ्यांना हवीच असते. ‘ऱ्हास’ मात्र नुसत्या आकड्यांत मावत नाही. त्यात कस जातो, तोही बहुधा हळूहळू: मुघल सत्तेचा ऱ्हास, जंगलांचा ऱ्हास. ‘मृत्युदराचा ऱ्हास’ म्हणून बघा, हसू येईल! व्याकरणही वेगळं: घट होते गोष्टी‘त’, ऱ्हास होतो गोष्टी‘चा’. संस्कृतातला ‘ह्रास’ मराठीत ‘ऱ्हास’ झाला. भूजल पातळीसाठी मी ‘घट’च लिहीन, वजनदार शब्दाचा मोह तिथे नको.