डेअरडेव्हिलचं 'बॉर्न अगेन' : दहा महिन्यांनी, पानं सुटल्यावर

परवा रात्री झोपताना हे कॉमिकचं पुस्तक उघडलं आणि मधली आठ पानं गठ्ठ्याने मांडीवर पडली. दहा महिने झालेत घेऊन, तीनदा वाचलंय, कुणाला दिलं नाही, कधी भिजलं नाही. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे परत करायची मुदत सात दिवसांची होती सर. सात दिवसांत बाइंडिंग उसवेपर्यंत कोण वाचतं बाबा? बरं स्वस्तातलंही नव्हतं, तेवढ्यात महिन्याची भाजी आली असती हे घरात ऐकून झालंय. त्या रागातच लिहायला बसलोय, पण खरा राग गोष्टीतल्या खलनायकावर, किंगपिनवर आहे, कसा ते पुढे. स्पॉयलर भरपूर आहेत, १९८६ ची गोष्ट आहे, आता काय लपवायचं.

मॅट मरडॉक आंधळा वकील, रात्री मुखवट्यातला सुपरहिरो डेअरडेव्हिल, हे सगळ्यांना माहितीये. गोष्ट फ्रँक मिलरची, चित्रं डेव्हिड मॅझुकेलीची, 'डेअरडेव्हिल' कॉमिकचे अंक २२७ ते २३३. मॅटची जुनी मैत्रीण कॅरन पेज मेक्सिकोत ड्रग्जच्या नादाला लागलीये आणि एका डोससाठी ती डेअरडेव्हिलचं खरं नाव विकते. नाव हातोहात विकलं जात विल्सन फिस्ककडे, म्हणजे किंगपिनकडे पोचतं. आता साधा व्हिलन काय करेल, दुसऱ्या दिवशी गुंड पाठवेल. हा पठ्ठ्या आधी ज्या ज्या माणसाच्या हातातून ती माहिती गेली त्यांचा काटा काढायला सांगतो आणि मग कामाला लागतो. हाणामारी नाही. बँक म्हणते घराच्या कर्जाचे हप्ते मिळालेच नाहीत. इन्कम टॅक्सवाले खाती गोठवतात. एक चांगला पोलीस अधिकारी मॅटविरुद्ध खोटी साक्ष देतो, कारण पोरगं आजारी आहे आणि त्याच्या उपचाराची दोरी किंगपिनच्या हातात. वकिली जाते, वकील मित्र फॉगी होता म्हणून तुरुंग तेवढा टळला.

खरं सांगतो, पहिल्यांदा वाचताना हा भाग मी भराभर उलटला होता. म्हटलं सुपरहिरोच्या कॉमिकमध्ये हप्ते आणि नोटिसा कशाला, ते माझ्या घरी फुकट मिळतं. तेव्हा एका मित्राला 'सुरुवात रटाळ, नंतर पकड घेतं' असं कळवलंही होतं. ते आता मागे घेतो.

झालं असं की मधे केवायसीच्या घोळात माझंच खातं गोठलं. नऊ दिवस. कागद दोनदा दिले होते, पोच पण होती, तरी सिस्टीममध्ये दिसत नाही म्हणे. तेवढ्यात घराचा हप्ता बाउन्स झाला, त्याचा दंड, वर वसुलीवाल्याचा फोन, आणि काउंटरवरची बाई शांतपणे सांगतेय की आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाहीये. त्या आठवड्यात पुस्तक पुन्हा काढलं आणि पहिला अंक वाचताना पोटात गोळा आला. मॅट टपाल फोडतोय, एकामागून एक नोटीस, आणि त्याला वाटतंय की आपलं नशीबच फिरलंय. कुणावर संशयच नाही! माझ्यावरही कुणी किंगपिन बसलेला नव्हता, पण बसला असता तरी मला कळलं नसतं. मी आपला झेरॉक्स काढत फिरलो असतो.

आणि इथेच माझं भांडण. इतकं सुंदर चाललेलं असताना हा किंगपिन मॅटचं घर बॉम्बने उडवतो. अरे कशाला? जप्ती आलीच असती, लिलाव झाला असता, न्यूयॉर्कमधलं अख्खं घर आपल्याच माणसाच्या नावावर घेता आलं असतं! ढिगाऱ्यात मॅटला स्वतःचा डेअरडेव्हिलचा फाटका लाल ड्रेस सापडतो आणि त्याच क्षणी त्याला कळतं की हे नशीब नाही, ही किंगपिनची करामत आहे, आणि बॉम्ब म्हणजे त्याने खाली केलेली सही. या एका बॉम्बवर मी बायकोचं डोकं इतकं खाल्लंय की ती आता 'बॉ' म्हटलं तरी उठून आत जाते.

पहिल्यांदा वाटलं होतं ही मिलरची चूक. गोष्ट पुढे ढकलायला काहीतरी धमाका हवा म्हणून. तिसऱ्या वाचनात मत बदललं. किंगपिन १९६७ मध्ये स्पायडरमॅनच्या कॉमिकमधून आलेला, बाहेरून उद्योगपती, आतून टोळीवाला. मार खाणाऱ्याला मारणारा कोण हे कळलंच नाही तर टोळीवाल्याला मजा काय? पुढे तो स्वतःच्या हाताने मॅटला बदडतो आणि मग मात्र पुन्हा हुशारीने वागतो, मॅटला टॅक्सीत घालून, वर दारू ओतून ईस्ट रिव्हरमध्ये सोडतो, म्हणजे दारू पिऊन गाडी पाण्यात घातली असं वाटावं. टॅक्सीवाला बिचारा हकनाक जातो. पण टॅक्सी वर काढतात तेव्हा आत मॅट नसतो. प्रेत सापडत नाही म्हटल्यावर या शांत, गलेलठ्ठ माणसाला जो घाम फुटतो ना, तो या पुस्तकातला सगळ्यात भारी प्रकार आहे.

शेवटचे दोन अंक मात्र मला अजून पटत नाहीत. तोंडावर अमेरिकेचा झेंडा गोंदलेला, औषधाच्या गोळ्या खाणारा न्यूक नावाचा सैनिक आणून किंगपिन न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात भर वस्तीत गोळीबार करवतो, मग कॅप्टन अमेरिका येतो. पुन्हा तेच, बॉम्बचाच मोठा भाऊ. पत्रकार बेन युरिकची बोटं मोडतात तो प्रसंग याच्यापेक्षा दहापट भीतीदायक आहे, आणि तिथे हातात बंदूकसुद्धा नाही कुणाच्या, एक नर्स आहे फक्त.

आता सुटलेल्या पानांचं. ती लावायची म्हणून सगळं पुस्तक जमिनीवर पसरलं, तेव्हा एक गोष्ट दिसली जी तीन वाचनांत दिसली नव्हती. पहिल्या तीन अंकांची शीर्षकाची पानं शेजारी शेजारी आली. तिन्हीत मॅट झोपलाय, वरून बघितल्यासारखा. पहिल्यात घरच्या पलंगावर, दुसऱ्यात फालतू हॉटेलच्या खोलीत अंग आखडून, तिसऱ्यात गल्लीतल्या कचऱ्यात. किंगपिनने काय काय हिसकावलं त्याचा हिशोब मॅझुकेलीने नुसत्या अंथरुणांत मांडलाय. बाइंडिंग चांगलं असतं तर मला हे दिसलंच नसतं, पण म्हणून विकणाऱ्याचे आभार वगैरे मानणार नाही.

फेविकॉल लावून पुस्तक पोळपाटाखाली दाबून ठेवलं, सकाळी काढलं तर चिकटलंय छान, फक्त दोन पानं उलटसुलट लागलीत. त्यामुळे माझ्या प्रतीत आता टॅक्सी आधी नदीत पडते आणि मार नंतर बसतो. घ्यायचं असेल तर जाड पुठ्ठ्याची, शिवलेली आवृत्ती बघा, दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील.