सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा : शोकेससाठी नाही, खेळायला घेतला

आधीच सांगते, हे परीक्षण पत्ते खेळणाऱ्या बाईचं आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पानांचा जुना पत्त्यांचा खेळ. त्याच्या संचांबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात ‘काय सुरेख काम’, ‘भेट द्यायला उत्तम’, ‘फ्रेम करून लावलं तर घराला शोभा’ एवढंच असतं. पानं पिसता येतात का, हातात धरता येतात का, संध्याकाळच्या उजेडात नव्वी आणि दश्शी पटकन वेगळी कळते का, हे कुणी लिहीत नाही. आमच्याकडे दुपारी मी, वन्सं आणि समोरच्या काकू असा तिघींचा अड्डा असतो. मेंढीकोटाला चौथं माणूस लागतं, रमीचा वीट आला होता, आणि गंजिफा तिघांत उत्तम जमतो. म्हणून घेतला.

संच दशावतारी. १२० पानं, दहा अवतारांचे दहा रंग (पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे), प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. पानं गोल, सरकत्या झाकणाच्या रंगवलेल्या लाकडी पेटीत. करणारा सावंतवाडीचा चितारी. राजवाड्यातल्या कामावर हात बसवून आता घरून ऑर्डरी घेतो. त्याला न विचारता नाव इथे टाकत नाही. किंमत चार आकडी, पण वरच्या टोकाची. १२० चित्रं हातानं काढायची म्हटल्यावर ती जास्त वाटली नाही.

तयार संच न उचलता करून घेतला, त्याला कारण होतं. कुडाळला सासऱ्यांच्या घरी एक जुना संच पडून होता. बरीच पानं गहाळ, लाखेला तडे गेलेले, पण त्यातली आकड्यांची पानं बघताक्षणी वाचता येतात. बाजारातल्या नव्या संचांचं उलटं असतं. राजे आणि प्रधान नटवलेले, आकड्यांच्या पानांवर मात्र नुसती गर्दी. म्हणून चिताऱ्याला म्हटलं, आधी चार-पाच पानं नमुन्याला करून फोटो पाठव, मग पुढचं बोलू.

पहिल्या फोटोतला मत्स्याचा राजा पाहून वन्सं म्हणाल्या, आता काही बोलू नकोस, पैसे पाठवून टाक. माशाच्या तोंडातून वर आलेले चतुर्भुज विष्णू, शंख-चक्र, दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळणारे. ओळ कुठे थरथरलेली नाही. पण खाली मत्स्याची दश्शी होती आणि तिथे घोटाळा होता. प्रत्येक माशाला खवले, पर, मिशासुद्धा. असे दहा मासे एका गोलात. फोटो मोठा करून मोजावे लागले! खेळात मोजायला वेळ कुणाला आहे?

कुडाळच्या पानाचा फोटो काढून त्याला पाठवला. त्यात मासा म्हणजे एक फुगीर फटकारा, शेपटीचे दोन, आणि डोळ्याचा ठिपका. बस. पुढच्या खेपेला त्यानं तसाच मासा काढला, किंबहुना जुन्यापेक्षा तरतरीत. कासवाचंही तसंच झालं, पाठीवरची जाळी गेली आणि कासव राहिलं.

आता मांडणी. चौकोनी पत्त्यावर दोन उभ्या रांगा केल्या की काम होतं. गोलात आठ चिन्हं तीन-दोन-तीन लावली आणि नऊ तीन-तीन-तीन लावली तर झटकन फरक कळत नाही. मी सुचवलं, कडेला देवनागरी आकडा घाल बारीकसा. यावर फोनवर जरा शांतता, आणि मग, “मगे तुमका पत्तेच होये मां, ताई. गंजिफा कित्याक?” मी गप्प बसले. पण त्यानं प्रश्न सोडला नाही. दोन दिवसांत नवीन फोटो आला. अठ्ठीत आठ चिन्हं कडेनं गोल फिरवलेली, पोट रिकामं. नव्वीला तेच कडं, पोटात एक. दश्शीला पोटात दोन. एवढंच! आता काकू चष्मा न लावताही चुकत नाहीत. या पूर्ण संचातली माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच, आणि पाहुण्यांना पेटी उघडून दाखवली तर एकाचंही लक्ष तिकडे जात नाही. सगळे नरसिंहाकडे बघतात.

दुसरी झटापट किनारीवरून. गंजिफात पूर्वीपासून दोन दर्जे, दरबारी कलम आणि बाजार कलम. दरबारी पानाला भोवती वेलबुट्टीची किनार, बाजारी पानाला ती नाही आणि ते स्वस्त. मी दरबारी सांगितला होता. नमुन्यात दहाही रंगांना एकच किनार आली, लाल आणि सोनेरी. दिसायला राजेशाही. पण पानं हातात पंख्यासारखी उघडली की वरचं पान सोडून बाकीच्यांची फक्त कडेची चंद्रकोर दिसते. म्हणजे हातात नुसती लाल-सोनेरी किनार, रंग कुठला ते कळायला एकेक पान बाहेर काढायचं. रंगाची जमीन, म्हणजे चित्रामागचा रंग, ओळखून हात लावायचा असतो, तर ती जमीन नेमकी जिथे दिसायला हवी तिथेच नक्षी बसलेली. त्याला सांगितलं, किनार ठेव, पण तिची जमीन ज्या त्या रंगाची कर आणि वर वेल बारीक काढ. त्याचं काम वाढलं, तसं तो म्हणालाही आणि थोडे पैसे जास्त घेतले. योग्यच. मात्र या अनुभवानंतर माझं ठाम मत झालंय की रोज खेळणाऱ्यानं बाजार कलमच घ्यावं. दरबारी पानं दरबारात बसून खेळत असतील तेव्हा पानं लावून द्यायला माणसं असतील!

बाकी चित्रकलेबद्दल थोडक्यात. राजा मखरात बसलेला, प्रधान घोड्यावर, त्यामुळे त्या दोघांत गल्लत होत नाही. परशुरामाचा परशू ठसठशीत आहे. बुद्धाचं कमळ सगळ्यात देखणं. नवव्या अवताराच्या जागी आपल्याकडच्या जुन्या चित्रांत पुष्कळदा विठोबा उभा असतो, कुडाळच्या संचातही तोच आहे. नव्या संचात बुद्ध आल्यावर वन्संचा चेहरा उतरला. चिताऱ्यानं नंतर सांगितलं, आधी बोलला असतात तर विठोबा काढून दिला असता. ज्यांना हवा त्यांनी ऑर्डर देतानाच सांगावं.

उणं काढायचं तर नरसिंहाचा लाल आणि परशुरामाचा शेंदरी. दिवसा स्वच्छ वेगळे, पण आमच्या दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली सख्खे भाऊ. पांढरा दिवा लावून आम्ही सोडवलं. पण रंग ठरवताना चिताऱ्यानं एकदा दिव्याखालीही पाहायला हवं होतं.

आता पाठ. पत्ते खेळणारी बाई पानाची पाठ आधी बघते. हातानं रंगवलेल्या पानांत हा मोठा धोका असतो. कुठे फटकारा जाड, कुठे ओघळ, की पान उलटं असूनही ओळखू येतं आणि खेळाची मजा गेली. इथली पाठ सपाट तांबडी, घोटाईही छान. पण एका पानाच्या पाठीवर लाखेचा बारीक बुडबुडा राहिला होता. वराहाची चौकी. पहिल्याच बैठकीत तिघींना पाठ झाली. कळवल्यावर त्यानं कुरकुर न करता नवीन पान करून पाठवलं, टपालखर्चही घेतला नाही. याचे पैकीच्या पैकी गुण.

पूर्वी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, दगडानं घोटून मग रंग आणि लाख, अशी रीत होती. माझी पानं कागदाच्या थरांची आहेत. टणक, पडली तर टक्कन आवाज होतो. पत्त्यांसारखी दोन हातांत फर्रर्र करून पिसण्याचा विचारसुद्धा करू नका, कडा उडतील. चादरीवर सगळी पालथी पसरायची, हातानं कालवायची आणि गोळा करायची. तिघांत वाटली की प्रत्येकीला चाळीस. चाळीस जाडजूड पानं एका हातात मावत नाहीत. आम्ही चालू रंग हातात घेतो आणि बाकीचे मांडीवर पदराआड ठेवतो. काकू ड्रेस घालतात, त्यांना ताट लागतं.

खेळ मात्र काय आहे! हुकूम नाही. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगातलं वरचं पान हात घेतं. पाच अवतारांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हे डोक्यात बसेपर्यंत भांडणं अटळ. वरची पानं पडून गेली की खालचं साधं पान राज्य करतं, म्हणजे सगळी मदार कुठलं पान गेलं हे लक्षात ठेवण्यावर. दहा रंगांचं! डाव फिरतो उलटा, उजव्या हाताला. आणि सुरुवात कोण करणार ते घड्याळावर. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. राजासोबत एक हलकं पान टाकून उतारी. डिसेंबरात साडेसहाला दिवस की रात्र यावर आमच्यात एकदा चांगलीच जुंपली. वन्संचं म्हणणं, देवापाशी दिवा लागला की कृष्ण. सध्या तेच चालू आहे.

पेटीत नियमांचा जो कागद येतो तो निकामी आहे. अर्ध्या पानात अवतारांची महती, नियम चार ओळी, आणि उलट्या क्रमाचा उल्लेखच नाही. हा कागद वाचून कुणालाही खेळता येणार नाही. चिताऱ्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो हसून म्हणाला की घेणाऱ्यांपैकी खेळतं कोण?

खरी दुखरी नस तीच. बाबरानं १५२७ मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे, अबुल फजलनं अकबराच्या १२ रंगांच्या खेळाचं वर्णन करून ठेवलंय, म्हणजे हा चांगला हाडाचा जुगारी-दरबारी खेळ. छापील स्वस्त पत्ते आले आणि तो मागे पडला. सावंतवाडीत १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या पुंडलिक चिताऱ्यांकडून ही विद्या पुढे नेली नसती तर आज ऑर्डर द्यायला कुणी उरलं नसतं. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. कला जगली याचा आनंदच आहे. खेळ अजून व्हेंटिलेटरवर.

वन्संची लेक टॅरो कार्डं बघते, म्हणजे लोकांचं भविष्य सांगते. तिनं पेटी पाहिली आणि म्हणाली, “मामी, ही तर देशी टॅरोच! याच्यावर रीडिंग करता येईल.” तिला म्हटलं, बाई, तुझा टॅरोसुद्धा मुळात माझ्यासारख्यांचाच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो हात जिंकण्याचा खेळ होता. मिलानच्या व्हिस्कोन्ती-स्फोर्झा घराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून हातानं रंगवलेली पानं अजून संग्रहालयांत आहेत. भविष्याचं खूळ फ्रान्समध्ये अठराव्या शतकाच्या शेवटाकडे चिकटलं, आणि फ्रान्समध्ये लोक आजही टॅरो खेळतात. मग तिनं तिची पानं आणली आणि आम्ही शेजारी ठेवून पाहिली. तिचा संच लंडनच्या पामेला कोलमन स्मिथनं काढलेला, १९०९ मध्ये निघालेला. त्यात आकड्यांच्या पानांवरही प्रसंग आहेत. तीन तलवारी म्हणजे तलवारी खुपसलेलं काळीज, वर पाऊस. अर्थ लावायला सोयीचं, कारण तिला पान वाचायचंय. मला मोजायचंय. माझ्या नव्वीवर एवढं सगळं काढलं असतं तर मी चिताऱ्याला फोनवरच झापलं असतं. जुन्या मार्सेय पद्धतीच्या टॅरोत मात्र आकड्यांच्या पानांवर नुसत्या तलवारी, नुसते पेले असतात, तो खेळणाऱ्याचा संच. भाचीला हे फारसं पटलं नाही. जाताना तिनं राशी-गंजिफा मिळतो का, हे विचारून घेतलं. मिळतो, बारा रंगांचा, १४४ पानांचा.

निगा : पावसाळ्यात पानं एकमेकांना धरतात. डोंबिवलीच्या दमट हवेत जुलैत पेटी उघडली तर चार-पाच पानांची चवड एकत्र निघाली. ओढू नका, लाख निघेल. हळूच सरकवून सुटतात. आता रंगागणिक बटरपेपर घालून ठेवते. सुरुवातीला वॉर्निशचा वास येतो, महिनाभरात जातो. जेवणाच्या टेबलावर खेळू नका आणि खेळताना भजी नकोत, हे काकूंना उद्देशून.

गुण द्यायचे तर चित्रकाम आणि सेवा दहापैकी नऊ, खेळायची सोय साडेसात, नियमांचा कागद शून्य. नियमांचं मीच दोन पानी टिपण लिहून त्याला पाठवलंय, पुढच्या पेट्यांत घालणार म्हणतो. वन्संसाठी आता दुसरा संच सांगितला आहे, बाजार कलम, किनार नको, विठोबा हवा. तुम्हाला सांगायचा असेल तर दिवाळीनंतर सांगा. भर पावसात तो लाख लावत नाही, आणि गणपती जवळ आले की मूर्तींच्या रंगकामात असतो, फोन उचलत नाही.