पोस्टग्रेसचं ‘क्रिएट टेबल ॲज’चं पान: साडेतीन तारे

आमच्या पतसंस्थेचे महिनाअखेरचे रिपोर्ट मी पोस्टग्रेस या डेटाबेसमधून काढते. थकबाकीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, अवाढव्य, म्हणून तिचा निकाल ‘क्रिएट टेबल ॲज’ने एका टेबलात भरून घ्यायचा आणि पुढचं सगळं त्यावरून. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमधलं या कमांडचं पान इतक्यांदा उघडलंय की रिव्ह्यू लिहायचा हक्क मला नक्की आहे.

सिंटॅक्स आणि उदाहरणं झकास. पण क्वेरी मध्येच फसली तर टेबलाचं काय होतं, यावर पान गप्प. मला ते अनुभवाने कळलं. ११ लाख ओळी, त्यात एका खात्याचा हप्ता शून्य, झालं, ‘डिव्हिजन बाय झीरो’. अर्धंमुर्धं टेबल राहिलं असेल म्हणून पुसायला गेले, तर टेबलच नाही. सगळं मागे फिरलेलं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं मॅन्युअल एका वाक्यात सांगून मोकळं होतं: डेटा कॉपी होताना एरर आला तर टेबल आपोआप काढून टाकलं जातं. तसं वाक्य इथे असतं तर माझी दुपार वाचली असती.

‘इफ नॉट एक्झिस्ट्स’, म्हणजे ‘नसेल तरच बनव’, या अटीबद्दल मात्र पान अगदी स्वच्छ लिहितं. टेबल आधीच असेल तर एरर नाही, नुसती नोटीस, आणि टेबलाला हात लागत नाही. मी ते वाचलंही होतं! तरी ‘असू दे, सेफ आहे’ म्हणून स्क्रिप्टमध्ये ठेवलं. वर लॉगमध्ये कचरा नको म्हणून ‘क्लायंट मिन मेसेजेस’ ही सेटिंग (किती गंभीर संदेशापासून पुढे दाखवायचं ते ठरवणारी) वॉर्निंगवर. नोटीस त्याच्या खालची, दिसणार कशी? मार्चचं टेबल तसंच राहिलं आणि एप्रिलचा रिपोर्ट मार्चच्या आकड्यांनी गेला. मॅनेजरसाहेबांचा फोन: “मॅडम, ज्यांनी गेल्या आठवड्यात कर्ज फेडून पेढे वाटले, ते यादीत कसे?”

आता बिगिन, ड्रॉप (जुनं टेबल पुसणं), क्रिएट, कमिट (पक्कं करणं) असं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करते, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. क्रिएट फसलं तर जुनं टेबल जागेवर. हे सुख मायएसक्यूएलमध्ये नाही, तिथे ड्रॉप म्हटलं की कमिट झालंच. शिवाय स्क्रिप्ट चालवणाऱ्या पीएसक्यूएल या प्रोग्रामला ‘ऑन एरर स्टॉप’ लावलंय, नाहीतर एरर आला तरी गडी पुढच्या ओळीवर चालू लागतो. तेही या पानावर नाही, पीएसक्यूएलच्या लांबलचक पानात खोल कुठेतरी आहे.

दीड तारा त्या न लिहिलेल्या वाक्याचा कापला.